स्मरणाच्या गोळ्या

३ मार्च, मंगळवार

संशय बोलून दाखवला की भांडण होतं, पोटात ठेवला की वाढतो. मला भांडता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

हे जानेवारीत गेले. दौऱ्यावर होते, परगावच्या हॉटेलात झोपेतच गेले. छपाईयंत्रांचे सुटे भाग विकायचे, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच असायचे. घरात आता मी आणि सासूबाई. त्यांना घरी आणलं, पुढचं सगळं आईंच्या डोळ्यांदेखत झालं, त्या रडल्याही. पण थोड्याच दिवसांनी एका सकाळी त्यांनी विचारलं, "अगं, तो कुठे गेलाय?" पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचं धैर्य होईना. "दौऱ्यावर गेलेत," म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिल्या, मग "बरं" म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी विचारतात आणि मी रोज तेच सांगते.

काल नणंद येऊन गेली. आम्ही तिला धाकटी म्हणतो. आईंनी तिच्यासमोर नळ उघडा ठेवला आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. आज लगेच तिने गोळ्या विकणाऱ्या एका बाईंबरोबर डबी पाठवली. वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्या. म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते म्हणे. डबीवर डोंगराचं आणि एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आहे. त्याच्या तोंडात सगळे दात आहेत. मला तिथेच शंका आली.

७ मार्च, शनिवार

मी काम करते ते चष्म्याचं दुकान शनिवारी दुपारी बंद होतं. मी घरी आले तर गोळ्यांच्या बाई सोफ्यावर बसलेल्या. त्यांनी आईंची परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले: चाक, लिंबू, खिडकी, घोडा, टोपी. मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि शब्द विचारले. आईंना दोन आठवले.

"काही काळजी नको, आजी. दर शनिवारी येणार मी. महिन्याभरात बघा, घोड्यासारखी धावेल बुद्धी."

"धावून जाणार कुठे या वयात?" आई म्हणाल्या.

बाई खूप हसल्या. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. हसताना त्या खोलीभर नजर फिरवत होत्या.

धाकटीचा फोन आला. गोळ्यांनी फरक पडला तर एप्रिलमध्ये आईंना आपल्याकडे घेऊन जाणार म्हणाली. "तू तरी किती करशील, वहिनी? तुझं दुकान, घर." बोलली गोड. पण दोन महिन्यांत सुचलं नाही ते आत्ता कसं सुचलं? मी "बघू" म्हणाले. एकदा लिहूनच टाकते: मला या घरात एकटं राहायचं नाही. आई आहेत तोवर घर चालू आहे.

११ मार्च, बुधवार

आईंनी अचानक सकाळचा चहा स्वतः करायला घेतला आहे. मला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. "तू बस. रोज तूच करतेस." मी दारात उभी राहून लक्ष ठेवते, तर म्हणतात, "पाठीमागे उभी राहू नकोस, हात थरथरतो माझा." मग मी बाहेर जाऊन बसते. गोळ्याही त्या तेव्हाच घेतात, चहाबरोबर. डबी त्यांच्याच ताब्यात आहे.

चहा कडवट लागतो. गवत उकळल्यासारखा. आईंची चव गेली असावी, किंवा दुकानदाराने पत्ती बदलली. त्यांचं मन मोडायला नको म्हणून पिते.

१४ मार्च, शनिवार

आज तीन शब्द. बाई टाळ्या वाजवत होत्या.

सकाळी आईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिल्यावर म्हणाल्या, "फोनसुद्धा करत नाही मेला." मला वाटलं, यांना संशय येतोय. म्हणून दुपारी त्या ऐकतील अशा बेताने मी फोन कानाला लावला आणि बोलले. "हो, जेवलो. आई बऱ्या आहेत. तुमचं पाठीचं दुखणं कसं आहे? बरं, ठेवते." आई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चेहरा पांढरा पडला होता. मुलाशी बोलायला मिळालं नाही म्हणून असेल. पुढच्या वेळी सांगेन की त्यांनी विचारलंय.

बोलताना मला जड गेलं नाही. उलट बरं वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

खाली शिलाईकाम करणाऱ्या बाई राहतात. मी कामावर असते तेव्हा त्या दुपारी आईंकडे डोकावतात. आज जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कशा - आहात - तुम्ही?"

"बरी आहे."

"आज कोणता वार, माहीत आहे ना?"

"मंगळवार. का?"

"छान, छान!" म्हणाल्या आणि माझा दंड थोपटला.

या बाई गोळ्यावालीला सामील आहेत की काय? घरोघरी गिऱ्हाईक गाठायची ही पद्धत असेल. आधी माणसाला वाटायला लावायचं की आपण विसरतो, आणि मग डबी पुढे करायची.

२१ मार्च, शनिवार

आज पाचही शब्द. आईंनी ते धडाधड म्हणून दाखवले. बाईंनी तिथूनच धाकटीला फोन लावला. फोनमधून धाकटीचा आनंद मला ऐकू येत होता. "वहिनी, मी म्हटलं नव्हतं?"

मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. वाहन परवान्यासाठी दाखला हवा असलेले लोक आमच्याकडे येतात. त्यातले काही आधी बाकावर बसून अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करतात आणि मग एक डोळा झाकून ती घडाघडा म्हणतात. म्हणून आम्ही तक्त्याच्या मागे दुसरा तक्ता ठेवतो. कोणी फार बिनचूक वाचलं की तक्ता उलटायचा. त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

या बाई दर वेळी तेच पाच शब्द विचारतात. तक्ता कधीच उलटत नाहीत.

२२ मार्च, रविवार

मी तक्ता उलटला. दुपारी आईंना सहज म्हटलं, पाच शब्द लक्षात ठेवा: दिवा, कात्री, पाऊस, चमचा, पूल. मग त्यांच्याबरोबर कपड्यांच्या घड्या घातल्या आणि विचारलं.

"चाक," आई म्हणाल्या. "लिंबू."

"ते नव्हेत, आई. आत्ता सांगितलेले."

त्यांनी डोळे मिटले. "कात्री." बाकीचे काही आठवेनात. मग म्हणाल्या, "तूच सांग बघू, तुला येतात का."

मी पाचही सांगितले. माझेच होते, येणारच. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "शाबास. म्हणजे तेवढं ठीक आहे तुझं."

तेवढं म्हणजे केवढं?

गोळ्यांनी काही फरक पडलेला नाही हे नक्की. धाकटीला सांगायला हवं. पण सांगायला गेले की ती म्हणेल, आईला नेऊ नये म्हणून वहिनी बोलते. ते खोटं आहे असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. आज पहिल्यांदा माझा मलाच संशय आला.

२४ मार्च, मंगळवार

ह्यांचे तपकिरी बूट पॉलिश केले. शर्टांना इस्त्री केली. आई विचारतात तेव्हा घर तसं दिसायला हवं. आईंनी बुटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे गं ते आता." मी म्हणाले, "आल्यावर लागतील ना." त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटत राहिल्या.

फोनवर बोलले. तेव्हा आई खाली गेल्या होत्या, हे नंतर लक्षात आलं.

२६ मार्च, गुरुवार

छातीत जळजळ होते. झोप मात्र गाढ लागते.

आज दुकानात मालकांनी मला आत बोलावलं. "बसा," म्हणाले. सतरा वर्षांत कधी बसा म्हणाले नव्हते. मग विचारलं, "आजची तारीख काय हो?" भिंतीवर कॅलेंडर होतं. मी ते दाखवलं. "नाही, न बघता." मी न बघता सांगितली. ते म्हणाले, "रजा हवी असेल तर घ्या. संकोच करू नका. घरून फोन आला होता." कोणाचा, ते काही केल्या सांगेनात.

धाकटीचाच असणार. मी आईंना सांभाळायला लायक नाही असं तिला चारचौघांत ठरवायचं आहे. अशाने आईंना नेणं सोपं होईल. रक्ताच्या माणसाला कोण अडवणार?

२८ मार्च, शनिवार

एक गोळी मिळवली. आई आंघोळीला गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या उशीखालून डबी काढली. उशीखाली का ठेवतात कोण जाणे. गोळीचं कवच दोन बोटांनी ओढलं की उघडतं. आत हिरवट भुकटी. जिभेवर ठेवली. गवत, आणि मागून येणारा कडूपणा. चव कुठेतरी ओळखीची वाटली. लहानपणी खोकल्याला काहीतरी देत, तेच असेल.

बाई आल्या तेव्हा मी विचारलं, "यात नेमकं काय आहे?"

"सगळं नैसर्गिक, काकू."

"विंचूही नैसर्गिकच असतो."

आई खदखदून हसल्या आणि मग बाईंना म्हणाल्या, "हिच्यासारख्या वयाच्या बाईला चालतात का या? म्हणजे विचारून ठेवते."

"चालतात की! उलट आधीपासून घेतलेल्या बऱ्या."

"आणि दुप्पट घेतल्या तर?"

"आई!" मी ओरडले. "तुम्ही दुप्पट घेता?"

"मी कशाला घेऊ?" त्या म्हणाल्या.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळचा चहा घशाखाली उतरेना. अर्धा बेसिनमध्ये ओतला. आईंनी पाहिलं. एवढं वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "औषध समजून पी गं," म्हणाल्या. मी राहिलेला प्यायले.

मग नेहमीचा प्रश्न. "तो कुठे गेलाय?"

"दौऱ्यावर."

"अजून?"

"काम वाढलंय."

त्यांनी कप उचलले आणि स्वतःशीच म्हणाल्या, "काहीच गुण नाही."

गोळ्यांचा गुण नाही हे त्यांनाही कळलं म्हणायचं. धाकटी शनिवारी येते आहे. सामान बांधायलाच येणार.

४ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते जमेल तसं लिहिते.

धाकटी दुपारी आली. आईंना घेऊन आतल्या खोलीत बसली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर बसले. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग आईंचा आवाज चढला. "नाही म्हटलं ना! मी येणार नाही." मला आत कुठेतरी गार वाटलं. आई राहणार.

थोड्या वेळाने धाकटी बाहेर आली. मला म्हणाली, "वहिनी, जरा जिन्यात ये."

जिन्यात तिने माझे दोन्ही हात धरले. ती असं कधी करत नाही. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"वहिनी, रागावू नकोस. एक विचारते. दादा गेला, हे तुला माहीत आहे ना?"

मला वाटलं, ही वेडी झाली. "म्हणजे काय? मला माहीत नसेल?"

"नाही म्हणजे... आई म्हणते तुला माहीत नाही."

"आईंना माहीत नाही! म्हणून तर मी रोज सांगते..."

"आईला सगळं माहीत आहे," धाकटी म्हणाली. "ती म्हणते, सुरुवातीला एक दिवस माझ्याच डोक्यातून निघून गेलं. हिला विचारलं तर ही म्हणाली दौऱ्यावर आहे. दुपारी कपाट उघडलं आणि मला आपोआप आठवलं. पण हिला आठवेचना. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी तेच. बूट पुसते, शर्टांना इस्त्री करते, फोन कानाला लावून त्याच्याशी बोलते. पलीकडे कोणी नसतं. वहिनी, आई रोज सकाळी तुला तपासते. आज तरी हिला आठवलंय का, म्हणून."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"मला म्हणाली, मी आले तर हिला कोण बघणार? ही बरी झाल्याशिवाय मी हलत नाही. शिलाईवाल्या बाईंना तिनेच सांगितलं. तुझ्या दुकानातही तिनेच फोन केला. आणि गोळ्या..." धाकटीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. "वहिनी, त्या गोळ्या तू खातेस. महिनाभर. ती भुकटी तुझ्या चहात घालते."

माझ्या तोंडात ती चव आली.

धाकटी डोळे पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण तू तर ठीक आहेस. मग फोनवर का बोलत होतीस?"

"आईंसाठी," मी म्हणाले.

"आई म्हणते, ती खाली गेलेली असताना पण बोलायचीस. जिन्यात ऐकू यायचं तिला."

खालचं शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

जाताना धाकटी म्हणाली, "आईला मी काही सांगितलेलं नाही. तुझं तू बघ. पुढच्या शनिवारी परत येते."

७ एप्रिल, मंगळवार

गेल्या तीन सकाळी आईंनी विचारलं आणि तीनही वेळा मी "दौऱ्यावर" म्हणाले.

मला सगळं कळतं आहे. मी असंच म्हणत राहिले तर आई इथेच राहतील. वर्षभर राहतील, कितीही राहतील. मला फक्त रोज एक शब्द बोलायचा आहे आणि एक कप कडू चहा प्यायचा आहे. सोपं आहे. कोणाचंही नुकसान नाही.

असं मी स्वतःला सांगते, आणि माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. त्या सकाळी माझ्याकडे कशा बघतात ते आता मला दिसतं. आधी दिसत नव्हतं. मुलगा गेला त्याचं रडायचं सोडून त्या दोन महिने माझी पहारेदारी करताहेत. परवा त्यांच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. विसरायचं त्या विसरतातच. पण मला तपासायचं एक दिवसही विसरल्या नाहीत.

९ एप्रिल, गुरुवार

आज त्यांनी विचारायच्या आधीच मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. दोन बोटांनी गोळी उघडत होत्या. मला बघून त्यांनी मूठ मिटली.

"आई," मी म्हणाले, "हे गेले."

हे दोन शब्द मी आजवर मोठ्याने उच्चारले नव्हते. लोकांना धाकटीनेच कळवलं होतं. लोक भेटायला यायचे आणि मी मान हलवायची.

आई वळल्या. "कोण गेलं?" त्यांनी सावधपणे विचारलं. दुकानात मी लोकांना विचारते, ही ओळ नीट दिसते का, अगदी तशाच आवाजात.

"तुमचा मुलगा. जानेवारीत. हॉटेलात, झोपेत. आता ते येणार नाहीत."

त्यांची मूठ उघडली. हिरवी भुकटी ओट्यावर सांडली. त्या जवळ आल्या आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. भुकटी माझ्या गालाला लागली.

"कधी आठवलं गं तुला?"

मी सांगणार होते की मी कधी विसरलेच नव्हते, तुमचा गैरसमज झाला. ते माझ्या ओठांवर होतं. पण ते खरं आहे का, याची मला आता खात्री नव्हती.

"आत्ताच," मी म्हणाले.

मग आम्ही ओट्याशी उभ्या राहून रडलो. मला रडायची सवय नाही, आवाज कसातरीच निघत होता. आई मध्येच म्हणाल्या, "बघ, गोळ्यांना गुण आला. तू विंचू म्हणालीस त्यांना." मी हसले आणि पुन्हा रडले.

चहा थंड झाला. मी नवा केला. तो नुसता चहा होता.

११ एप्रिल, शनिवार

धाकटी सकाळीच आली. मी तिला जिन्यात नेऊन तक्त्याची गोष्ट सांगितली. पाच शब्द पाठ झालेत, बाकी काही सुधारलेलं नाही, गॅसजवळ एकटं सोडू नकोस. तिची मोठी मुलगी दिवसभर घरी असते म्हणाली. "वहिनी, तुला हे आधीच माहीत होतं?" मी हो म्हणाले. "मग आधी का बोलली नाहीस?" तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. बरोबरच होतं तिचं.

आईंना मी काहीच म्हणाले नाही. त्यांनीच विषय काढला. "आता तू सावरलीस. मी जाते धाकटीकडे. तिचंही करायला पाहिजे ना, भाऊ गेलाय तिचा."

"बॅग मी भरते," मी म्हणाले.

"माझी मी भरीन. तू नुसती जवळ बस."

मी पलंगावर बसले. आईंनी राखाडी स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवला. मग चष्मा शोधला, जपून रुमालात गुंडाळला. मग बॅगेत वाकून पाहिलं, स्वेटर बाहेर काढला आणि विचारलं, "हा न्यायचा राहिलाच होता, नाही का?"

"हो, राहिला होता."

त्यांनी पुन्हा घडी घातली. खालून धाकटी हाका मारत होती, गाडी येऊन उभी होती. थोड्या वेळाने स्वेटर परत पलंगावर आला. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. झालं भरून, एवढंच म्हणायचं होतं. बॅग भरून होईपर्यंत तरी त्या इथेच होत्या, म्हणून मी म्हणाले नाही.